तिरंगे तीन, सक्ती मात्र पूर्ण

आमच्या सोसायटीतल्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांची गाडी या आठवड्यात पासिंगला अडली. कारण काय, तर ट्रॅकर ‘लाइव्ह’ दिसत नव्हता. नवा बसवा आणि तो ‘नाविकवालाच’, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेचे संकेत घेणारा हवा, असे त्यांना सांगण्यात आले. ट्रॅकरचे एआयएस-१४० हे मानक आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनेच प्रसिद्ध केलेले आणि त्याला नाविकची सक्ती १ एप्रिल २०१९ पासूनची. काकांनी नियम पाळायचा, हे कबूल. पण आकाशात त्यासाठी उपग्रह किती?

चार. सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीचे काम तेव्हा फक्त चार करत होते, हे जुलै २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ जुळवायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. त्यातला एक रुसला की सगळा हिशेब कोलमडला! जुन्या उपग्रहांतली परदेशातून आणलेली रुबिडियम घड्याळे एकामागून एक बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ गेला, श्रीहरिकोट्याचे शंभरावे उड्डाण म्हणून पेढे वाटून झाले आणि मग झडप उघडली नाही म्हणून तो भलत्याच कक्षेत अडकला. एनव्हीएस-०३ वर्षअखेरीस जाणार होता. ३१ डिसेंबर गेला, उपग्रह गेला नाही.

परवा रात्री गच्चीवर नातवाने मोबाइलवर डोक्यावरचे उपग्रह दाखवले. देशागणिक झेंडे असतात. अमेरिकेचे दहा, चीनचे त्याहून जास्त, तिरंगे तीन. ‘‘थांबा आजोबा, चौथा येईल,’’ म्हणाला. दहा मिनिटे मान वर करून थांबलो, चौथा आलाच नाही. काकांची व्हॅन ‘नाविकवाल्या’ ट्रॅकरवर कुठे दिसत असेल, तर ती अमेरिकेच्या जीपीएसच्या कृपेने, हे पालकांनाही कळू द्या.

आणि हे प्रकरण शाळेच्या व्हॅनपुरते नाही. याच उपग्रहांवरून एक सेवा तुम्हा-आम्हाला मिळते आणि दुसरी, सांकेतिक, लष्कराला. कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएस नाकारले, ही कथा दर भाषणात ऐकवायची आणि पंचवीस वर्षांनीही इथेच अडून बसायचे, याला काय म्हणावे?

विचारायला जावे तर ‘संरक्षणाचा विषय’ म्हणून दार बंद. पूर्वी असे नव्हते. २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट फसले तेव्हा हायड्रोजन टाकीतला दाब का उतरला, हे इस्रोने स्वतः सांगितले होते. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसले, टेहळणीला उपयोगी रडार उपग्रह गेला आणि त्याचा चौकशी अहवाल लोकांसमोर न आणताच जानेवारी २०२६ मध्ये सी६२ उडवले. तेही तिसऱ्याच टप्प्यात बिघडले, सोबत डीआरडीओचा उपग्रह घेऊन. शत्रूला काय कळणार होते त्या अहवालातून? आपले रॉकेट पडले, हे त्याने पाहिलेच की! अंधारात राहिला तो कर भरणारा.

पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळांतून निवृत्त झालेले काही स्नेही सकाळी टेकडीवर भेटतात. हा विषय काढला की ‘‘सोडा हो,’’ म्हणतात. का सोडायचे? काकांचे पासिंग कुणी सोडले का?

– एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड, पुणे