ग्रंथपरिचय : अटलांटातील पांडवकन्या

बारा वर्षांची अरू शाह खोटे बोलते. अमेरिकेतील अटलांटा शहरी प्राचीन भारतीय कलावस्तूंच्या संग्रहालयाला लागूनच तिचे घर आहे. आई त्या संग्रहालयाची अभिरक्षक, कामानिमित्त सदैव प्रवासात. शाळेतील श्रीमंत मुलांपुढे आपण उणे पडू नये म्हणून अरू परदेशप्रवासाच्या कथा रचते. एका सुटीत वर्गमित्र दारात उभे राहतात आणि ही रात्रपोशाखातच सापडते. अब्रू वाचविण्यासाठी ती शापित म्हणून जपलेला दीप पेटविते, आणि काळ थबकतो. मित्रांसह आईही जागच्या जागी गोठते.

रोशनी चोक्शी यांच्या ‘अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) या इंग्रजी कादंबरीचा हा आरंभ. ग्रीक देवतांना आजच्या अमेरिकेत आणणारे रिक रायर्डन यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथमालेतील हे पहिले पुस्तक. यात पांडवांचे आत्मे मुलींच्या रूपाने जन्मले आहेत. अरू इंद्राची कन्या, तर मिनी धर्मराजाची. ही मिनी मात्र मधमाशीलाही भिते! मार्गदर्शक गुरू म्हणजे एक चिडखोर कबुतर. स्पर्शाने भस्म करणारा असुर सौंदर्यप्रसाधनगृहात भेटतो.

‘आमच्या पुराणांची ही थट्टा’ असे काही पालकांना वाटेल. परंतु पांडवकथा कधी एकाच साच्यात राहिली नाही. जिनसेनाचार्यांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातील पांडव दीक्षा घेऊन शत्रुंजय पर्वतावर तपश्चर्या करतात. व्यासांच्या महाभारतातील पांडव हिमालयाची वाट धरतात. आक्षेप घ्यावयाचाच तर तो विनोदाच्या अतिरेकावर घ्यावा. गंभीर प्रसंगीही पात्रे चटपटीत बोलत राहतात, आणि भयाला मुरायला वेळच मिळत नाही.

मयसभेचे प्रकरण याला अपवाद आहे. पांडव वनवासाला गेले, पुन्हा परतले नाहीत; तो प्रासाद मात्र त्यांची वाट पाहत राहिला. आपल्याला टाकून गेल्याचा राग त्याच्या भिंतींत साठला आहे, म्हणून तो आलेल्या मुलींना ओळख दाखवीत नाही. त्याला वश करण्यासाठी शस्त्र उपयोगी पडत नाही. घरी एकटी वाढलेली, आईच्या परतण्याकडे डोळे लावून बसणारी अरू त्या प्रासादाचे दुःख ऐकून घेते.