निवृत्तांची पेन्शन आणि महापालिकेची तिजोरी

सोलापूरच्या पूर्व भागात पक्षाच्या शाखांपुढे दोन प्रश्न सतत येतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे येतात. पहिला प्रश्न वृद्ध विडी कामगार स्त्रिया आणि बंद गिरण्यांतील निवृत्त कामगार यांच्या पेन्शनचा. दुसरा महापालिकेच्या पैशाचा, म्हणजे पाणी, गटारे, दिवाबत्ती, दवाखाना आणि घरपट्टी यांचा. पहिल्यासाठी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयावर मोर्चा जातो, दुसऱ्यासाठी महापालिकेवर. निवेदने वेगळी, घोषणा वेगळ्या, आणि पुष्कळदा कार्यकर्तेही वेगळे. या विभागणीला कामाच्या सोयीपलीकडे काही आधार नाही. तिच्यामुळे दोन्ही लढे दुबळे होतात, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम पेन्शनची वस्तुस्थिती पाहू. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये लागू झाला. घरी बसून विडी वळणारी स्त्री ही कामगारच नव्हे, असा युक्तिवाद करीत कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८५ मध्ये तेथे हरले. पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. तिचे सूत्र साधे आहे : पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे. ज्या स्त्रीचे पेन्शनपात्र वेतन २,८०० रुपये आणि नोंदलेली नोकरी पंधरा वर्षे, तिचा हिशेब ६०० रुपयांवर येतो. दहा वर्षे भरली नाहीत तर पेन्शनच नाही. मालकाने पासबुकावर किती विड्या दाखविल्या आणि किती वर्षे नोंदविली, यावर म्हातारपणाची भाकरी ठरते. यंत्रमाग कामगाराची स्थिती याहून वाईट, कारण वीस कामगारांची अट चुकविण्यासाठी एका छपराखालचे माग चार नावांवर दाखविले की कायदा दाराबाहेरच थांबतो.

१ सप्टेंबर २०१४ पासून केंद्र सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये केली. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, २०१३ मध्येच किमान ३,००० रुपये आणि महागाई भत्ता यांची शिफारस केली होती. ती बाजूला पडली. हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली, गॅस, औषधे, ज्वारी यांचे भाव कोठच्या कोठे गेले, आणि या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही.

हे हजार रुपये मिळविण्यासाठीही जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर घेण्याची पद्धत आली, पण चाळीस वर्षे तेंदूपान कातरून आणि तंबाखू भरून ज्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्या बोटांना यंत्र ओळखत नाही. फंडाच्या कागदावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. तेलुगू आडनाव एका ठिकाणी एका तऱ्हेने लिहिलेले, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या. एवढ्या कारणावरून पेन्शन अडते आणि दलालाचे दुकान चालते. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय पुढे झाली खरी, पण त्यासाठी चांगला फोन आणि तो हाताळणारे माणूस घरात लागते.

आता महापालिकेकडे वळू. शहराच्या हद्दीवर जकात नाके होते तोपर्यंत महापालिकेला स्वतःचे, रोज येणारे उत्पन्न होते. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा हा कर रद्द झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि महापालिका आपल्या उत्पन्नाच्या मोठ्या भागासाठी मुंबईहून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसली. हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी, म्हणजे जी कष्टकऱ्याच्या दारात येऊन वसूल करता येते ती. त्याच जुलैमध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी बसला, आणि ज्या उपकरातून १९७६ पासून विडी कामगारांचा कल्याण निधी भरत होता तो उपकर मात्र रद्द झाला. विडीवरचा कर वाढला. त्यातला कामगाराच्या दवाखान्यासाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कायद्याने राखलेला वाटा तेवढा नाहीसा झाला.

तिजोरी रिकामी झाली की तिचा भार कोणावर पडतो? उजनीचे पाणी या शहराला वर्षानुवर्षे दिवसांच्या अंतराने मिळत आले. ज्याच्या घरी टाकी आणि मोटार आहे त्याचे भागते; पत्र्याच्या खोलीतल्या म्हातारीला घागरी भरून ठेवाव्या लागतात, नाहीतर विकत घ्याव्या लागतात. परिवहनच्या गाड्या कमी होत गेल्या, म्हणून पेन्शनच्या चौकशीसाठी तिला रिक्षाचे भाडे मोजावे लागते. महापालिकेच्या दवाखान्यात औषध नसेल तर ते दुकानातून घ्यावे लागते. महापालिका जी सेवा कमी करते, तिची किंमत त्या तेहतीस रुपयांतून वजा होते. म्हणूनच महापालिकेचे अंदाजपत्रक हा पेन्शनरांचाही प्रश्न आहे.

व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला आणि दोन वर्षांत कर गेला. पेन्शनर मात्र वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत. यातला फरक नीट समजून घेतला पाहिजे. संप हे कामगाराचे हत्यार, आणि निवृत्त माणसाच्या हाती ते उरलेले नसते. त्याने काम थांबविले तरी कोणाचे काही अडत नाही. त्याच्यापाशी उरते ती त्याची गल्ली, त्याच्या घरात आजही विडी वळणारी सून, मागावर उभा राहणारा मुलगा, आणि प्रभागातले मत. दिल्लीत ठरणाऱ्या पेन्शनचा लढा म्हणूनच प्रभागातून बांधावा लागतो. ब्रिटनमध्ये २०२४ च्या जुलैमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारी रक्कम बहुसंख्यांसाठी बंद केली. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्या पक्षाला जबर फटका बसला, आणि जूनमध्ये तीच रक्कम बहुतेक वृद्धांना परत देण्याची घोषणा करावी लागली. मजूर म्हणविणाऱ्या सरकारवर ही वेळ यावी हा भाग वेगळा. पण स्थानिक मताला राष्ट्रीय धोरण हलविता येते, एवढे तेथे दिसले.

आपल्याकडे तर हे व्यासपीठच काही काळ काढून घेतले गेले होते. सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासकाने अंदाजपत्रके केली. त्याआधीच स्मार्ट सिटीचा पैसा एका वेगळ्या कंपनीकडे सोपविण्यात आला होता. ज्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० रोजी राष्ट्रध्वज फडकला, त्या शहरातील कामगाराला आपल्या पाण्याचा हिशेब विचारण्यासाठी अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर ताटकळावे लागले.

कार्यकर्त्यांमध्ये एक मत असे आहे की, अर्ज भरणे, दाखले काढून देणे ही समाजसेवा झाली, वर्गलढा नव्हे. या मतात तथ्य नाही असे नाही. नुसते अर्ज भरणारी शाखा हळूहळू सेतू कार्यालयाची उपशाखा होते, आणि माणसे तिला मत न देता आभार देतात. पण विडी कामगारांचे गोदूताई परुळेकर वसाहतीचे १०,००० घरांचे काम आठवावे. ती घरे २००६ मध्ये मिळाली. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील मोर्चांनी ती मिळाली हे खरेच. पण त्या मोर्चांच्या मागे एकेका कुटुंबाचा कागद जमविण्याचे किचकट काम होते. मोर्चा आणि कागद यांची तेथे फारकत झाली नाही, म्हणून ते काम उभे राहिले.

त्याच कुंभारीच्या माळावर रे नगरच्या ३०,००० घरांपैकी पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. ही वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर, एखाद्या बेटासारखी आहे. काम शहरात, बँक शहरात, फंडाचे कार्यालय शहरात, आणि पाणी-रस्त्याची जबाबदारी ग्रामीण संस्थेवर. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी लोकसंख्या धरली ती २०११ च्या जनगणनेची, आणि त्या जनगणनेत हा माळ रिकामा आहे. जी माणसे कागदावर नाहीत त्यांच्या गटारांसाठी पैसा कोठून येणार, हा प्रश्न आजच उचलला नाही तर घर मिळालेली म्हातारी उद्या त्याच घराला कंटाळेल.

एक गोष्ट थोडी अप्रिय आहे, पण बोलली पाहिजे. ‘घरपट्टी वाढवू नका’ एवढीच घोषणा पक्षाला पुरत नाही; ती बंगलेवालाही देतो, आणि आपल्यापेक्षा मोठ्याने देतो. कष्टकऱ्यांच्या लहान घरांना सवलत हवी, आणि त्याबरोबर मोठ्या मिळकतींच्या थकबाकीची यादी प्रभागवार जाहीर व्हावी, जीएसटीच्या भरपाईचा हिशेब सभागृहात मांडला जावा, ही मागणीही आपलीच असली पाहिजे. महापालिकेकडे पैसा असावा यात सर्वांत मोठा स्वार्थ गरिबाचाच आहे.

शाखांना सुरुवात करण्यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. फंडाच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. सर्वांना नोव्हेंबरातच धावण्याची गरज नाही. याचा अर्थ प्रत्येकीची तारीख वेगळी. गल्लीवार एक वही घालावी. तीत नाव, पेन्शनची रक्कम, दाखल्याची तारीख, बोटांचे ठसे उमटतात की नाही, श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला का आणि तो २१,००० रुपयांच्या उत्पन्न मर्यादेवर अडला का, नळाला पाणी कोणत्या वारी आले, आणि घरपट्टीचे बिल किती, असे रकाने असावेत. अंदाजपत्रकाची सभा लागेल त्या दिवशी ती वही नगरसेवकाच्या टेबलावर आणि तिची प्रत फंड कार्यालयात, असे दोन्हीकडे एकाच सकाळी जावे.