वाघाच्या शेजारची चूल

मोहफुलांच्या दिवसांत नणंदेकडे गेले होते. चंद्रपूर जिल्ह्यातलं तिचं गाव ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये येतं. बफर म्हणजे आतल्या राखीव जंगलाभोवतीचा पट्टा. तिथे वाघही राहतात आणि माणसंही. पहाटेच बायका टोपल्या घेऊन निघाल्या. मी आपला शहाणपणा केलाच, ‘‘जिवावर उदार होऊन जाता कशाला? जंगल वाघाचं आहे ना!’’ शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, ‘‘वाघाले आमी नाही म्हनतो का बाई? पन आमच्या चुलीचं कोन पाहीन?’’

मी गप्प झाले. 10 मे 2025 ला याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण बातमी वाचली, हळहळलो आणि पान उलटलं. जंगलावर पोट असणाऱ्यांना पान उलटता येत नाही.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कागदावर जंगल राखीव झालं, पण रोज राखायचं कुणी? वणवा पहिल्यांदा दिसतो गावाला, अनोळखी शिकाऱ्याची कुणकुण लागते तीही गावालाच. त्या गावाचाच विश्वास नसेल, तर पहारेकरी कुठे कुठे पुरणार?

हा विश्वास भाषणांनी येत नाही. राज्याच्या 2015 च्या जन-वन योजनेतून अशा गावांत गॅस आला, तेव्हा बायकांच्या डोक्यावरची मोळी थोडी हलकी झाली. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवा लागतो. तिथे नुसता दम देण्यापेक्षा झाडाखाली बांधायला जाळी दिली, तर फुलंही मिळतात आणि रानही वाचतं. ताडोब्यात गावातल्या काही बायका गाईड झाल्या आहेत. त्यांच्या घरात वाघ म्हणजे नुसती भीती नाही, भाकरीही आहे.

पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले, नुकसानभरपाईसाठी खेटे घालावे लागले, ग्रामसभेत बाईला कुणी विचारलंच नाही, की हाच विश्वास उडायला वेळ लागत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सुट्टीत मुलांना वाघ दाखवायला न्याल, तेव्हा गावातलाच गाईड घ्या, तिथल्या बचत गटाच्या बायकांच्या हातचं जेवा. आणि ‘या लोकांमुळेच जंगल संपतंय’ असं ओठावर आलं, तर आधी त्यांच्या चुलीपाशी घटकाभर बसा. मी बसले, म्हणून सांगतेय.