मशीन की ऑपरेशन?

मूल दीड वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही, तेव्हा घरातले पहिले उत्तर ठरलेले असते : ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ या दिलाशात वर्ष निघून जाते. मग तपासणी होते आणि प्रश्न उभा राहतो, कानाचे मशीन घ्यायचे की ऑपरेशन करायचे? पेण-रोह्यात काय किंवा मुंबईत काय, हा प्रश्न बहुधा स्वस्त आणि महाग यांतला समजला जातो. तो तसा नाही.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण तो मेंदूपर्यंत पोहोचवायला आतल्या कानातल्या केसपेशी थोड्याफार तरी शाबूत लागतात. त्या उरल्याच नसतील, तर आवाज कितीही वाढवून बोलणे उमगत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवणचेतेला विजेचे संकेत देते. त्यामुळे निवड खिशाने नव्हे, ‘बेरा’सारख्या तपासण्यांनी आणि काही महिने नीट वापरून पाहिलेल्या श्रवणयंत्राने व्हायला हवी. उतारवयात किंवा कारखान्यातल्या गोंगाटाने ऐकू कमी आलेल्या बहुतेकांचे काम यंत्रावरच भागते. (चष्म्याची लाज वाटत नाही, यंत्राची का वाटते, कोण जाणे.)

जन्मतः बहिऱ्या बाळाला मात्र थांबायला वेळ नसतो. भाषा उचलण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना इम्प्लांट मिळू शकते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामाशी जोडलेली आहे. पण ऑपरेशन काही तासांचे, त्यानंतरचे काम वर्षा-दोन वर्षांचे. प्रोसेसरचे मॅपिंग वारंवार करावे लागते आणि वाचा-उपचार तर आठवड्याआठवड्याला. रोह्याहून दिव्याची गाडी पकडून मुंबई गाठायची, तर पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते. खेपा चुकू लागल्या की लाखोंचा प्रोसेसर कपाटात जाऊन बसतो. शासनाने इम्प्लांटचा खर्च उचलावा आणि मुलाला बोलते करण्याची जबाबदारी एसटी-रेल्वेच्या वेळापत्रकावर सोडावी, हा हिशेब चुकीचा आहे. पेण आणि रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्याचे ठरावीक दिवस वाचा-उपचार मिळालेच पाहिजेत.

पालकांनीही प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी बाळाची ‘ओएई’ तपासणी मागावी. बाळ झोपेत असतानाच ती काही मिनिटांत होते. इम्प्लांट ठरलेच, तर हमी संपल्यावर वायर, बॅटरी आणि प्रोसेसरचा खर्च कोण करणार, हे संमतिपत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्यावे.