मैदान जनतेचे, नफा कोणाचा?

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात आकाशी रंगाचा खेळाडूचा सदरा घातलेला आदिवासी तरुण आता नवलाचा राहिलेला नाही. सदऱ्यावर मँचेस्टर सिटी ह्या इंग्लिश फुटबॉल क्लबचे बोधचिन्ह असते आणि छातीवर अबुधाबीच्या विमान कंपनीचे नाव. सदरा अर्थातच नकली. अस्सल सदऱ्याची किंमत द्राक्षबागेतील कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी आहे. ज्या पाड्यापर्यंत पावसाळ्यात एस.टी.सुद्धा धड पोचत नाही, तेथील मुलाच्या छातीवर आखाती विमान कंपनीची जाहिरात फुकट मिरवली जाते. ह्या मुलाचे खेळावरील प्रेम निखळ आहे. प्रश्न आहे तो त्या प्रेमावर हक्क सांगणाऱ्या भांडवलाचा.

मँचेस्टर सिटी हा क्लब २००८ मध्ये अबुधाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्या गटाने विकत घेतला. त्याच गटाच्या वर्चस्वाखालील सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफ.सी. ह्या क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. त्यानंतर मुंबईच्या संघाने विजेतेपदे मिळवली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह आपली मालकी सोडून निघून गेला. येताना त्याने अंधेरीच्या मैदानावर घसा कोरडा करणाऱ्या प्रेक्षकाला विचारले नव्हते आणि जातानाही विचारले नाही. ज्याच्या निष्ठेवर क्लबची किंमत उभी राहते, त्याला त्या क्लबच्या व्यवहारात कवडीचाही अधिकार नाही, हे ह्या व्यवस्थेचे मर्म आहे.

भांडवल का गेले, हेही समजून घेतले पाहिजे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात, आयएमजी-रिलायन्सच्या हवाली केले. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. कराराची मुदत संपत आली तशी जुलै २०२५ मध्ये पुढील हंगामाला स्थगिती मिळाली. काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. नोव्हेंबरमध्ये नव्या हक्कांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही! शेवटी केंद्र सरकारला मध्ये पडावे लागले आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये स्पर्धा आखूड करून उरकण्याची वेळ आली. बाजाराच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्या अर्थपंडितांनी ह्याचे उत्तर द्यावे. देशाचा खेळ एका कराराला टांगला की करार संपताच खेळही संपतो. नफा खाजगी आणि संकट मात्र सार्वजनिक, हा भांडवलशाहीचा जुनाच हिशेब येथेही पुरा झाला.

ह्या मांडणीची झळ सर्वांत आधी गोव्याला लागली. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीनही संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. पैशाच्या बळावर उभ्या राहिलेल्या नव्या स्पर्धेला अग्रस्थान देऊन जुन्या स्पर्धेला दुय्यम ठरवण्यास त्यांचा विरोध होता. धेंपो आणि साळगावकर ही नावे खाणमालक घराण्यांची आहेत, हे विसरता येत नाही. किंबहुना म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे: मोठ्या भांडवलापुढे गावचे भांडवलही टिकत नाही, मग गावच्या प्रेक्षकाची काय कथा?

गोव्याचे संघ गेल्यामुळे खालच्या श्रेणीत ढकललेल्या मिझोरामच्या ऐझॉल संघाला पुन्हा जागा मिळाली आणि २०१७ मध्ये ह्या डोंगराळ, आदिवासी प्रदेशातील संघाने थेट आय-लीग जिंकली. देशाच्या विजेत्याला सुपर लीगचे दार उघडले काय? नाही. तेथे प्रवेश पराक्रमाने नव्हे, तर पैशाने होता. आय-लीग जिंकून वर जाणारा पहिला संघ दिसण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

भांडवल आले म्हणून चांगली मैदाने आली, परदेशी प्रशिक्षक आले, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण पैसा हवा म्हणून मालकीही विकलीच पाहिजे, असे कोठे लिहिले आहे? जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबमधील बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे, असा नियम आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची बंदिस्त स्पर्धा जाहीर केली, तेव्हा इंग्लंडचे प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत तो डाव कोसळला. आणि इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ह्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठेच्या पेठ मैदानावर लोटते. त्या ईर्षेला हाणामारीचे गालबोट लागते, हे खरे. पण तो संघ आपला आहे, ही भावना तेथे विकत घ्यावी लागत नाही.

सुरगाण्याचा ह्या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. अलंगुणसारख्या गावांतून खो-खोचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेले आहेत. नाशिक जिल्ह्यातीलच सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. ह्या डोंगरात गुण नाहीत असे नाही. सपाट मैदान, चेंडू, शिक्षक आणि पोटभर अन्न ह्यांची वाण आहे. मूलभूत सोयी नाहीत म्हणून २०२२ च्या डिसेंबरात ह्याच तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जाण्याची भाषा केली होती. त्याच महाराष्ट्रात डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सीच्या दर्शनासाठी हजारोंची तिकिटे काढून वानखेडे स्टेडियम भरले. दर्शन देऊन पाहुणा गेला. आश्रमशाळेसमोरचा खडकाळ तुकडा आहे तसाच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक आश्रमशाळेला खेळता येईल असे मैदान आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षक हवा. गुणवत्तेवर तळापासून शिखरापर्यंत जाता येईल अशी खुली स्पर्धा हवी. क्लबच्या मालकीत सभासद प्रेक्षकांना कायदेशीर वाटा हवा. आणि १९८६ चा विश्वचषक जसा वेगळी वर्गणी न भरता दूरदर्शनवर दिसला, तसे महत्त्वाचे सामने सर्वांना मोफत दिसले पाहिजेत.

मार्च २०१८ मध्ये सुरगाण्याचे शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी रक्ताळलेल्या पायांनी मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले. कसेल त्याची जमीन, हे ज्यांना कोणी शिकवावे लागत नाही, त्यांच्या मुलांना खेळेल त्याचे मैदान हेही उमजेल. कार्यकर्त्यांनी ते त्यांच्यापर्यंत नेले पाहिजे.