चाळणी कंपन्यांसाठी लावा, बहिणीसाठी नको

वाशी म्हटले की बहुतेकांना नवी मुंबईचे रेल्वे स्टेशन आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याचे गाव. पुण्यात नाव सांगितले की सोबत ‘मराठवाड्यातली’ असे जोडावे लागते. जाहिरातीच्या धंद्यातल्या कंपन्यांचा मात्र असा घोळ होत नाही. फोन कोणत्या वाशीत आहे, रात्री कुठे असतो, शुक्रवारी दुपारी कुठे जातो, त्यावर सोयाबीनचा भाव पाहिला जातो की नीटचा अभ्यासक्रम, हे सगळे जोडून त्या माणसाचे चित्र तयार करता येते. ते विकताही येते.

हे आपल्यापासून फार लांबचे आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’ समूहाच्या ‘मदरबोर्ड’ने एक बातमी दिली. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप तेव्हा जगभरात साडेनऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेले होते. हे ॲप वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती आणि तिथून कंत्राटदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होती. बोभाटा झाल्यावर ॲपने हा व्यवहार बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची उत्तराधिकारी कंपनी यांना दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा नाजूक जागांची माहिती विकण्यास मनाई केली. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. यात कोणी कोणाचा फोन फोडला नव्हता. लोकांनी स्वतःच ‘परवानगी द्या’ हे बटण दाबले होते.

आपल्याकडे कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली गेली. शिवाय याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली आहे. कायद्यासाठी भांडत राहायला हवेच. पण तोवर घराला निदान एक चाळणी लावता येते, आणि तिला फारसा खर्च येत नाही.

ही चाळणी म्हणजे फिल्टरिंग प्रॉक्सी. आपण एखादे बातमीचे पान उघडतो तेव्हा ते पान एकटे येत नाही. त्याच्यासोबत जाहिरात कंपन्या, मोजणी करणाऱ्या कंपन्या, समाजमाध्यमांची बटणे अशा अनेक ठिकाणांहून तुकडे येतात, आणि प्रत्येक तुकडा मागवताना आपला फोन त्या त्या कंपनीला ‘मी इथे आहे’ असे सांगून येतो. प्रॉक्सी हा मधला निरोप्या. फोन त्याला सांगतो, तो बाहेर जाऊन पान आणतो. फिल्टरिंग प्रॉक्सी असेल तर तो यादी पाहतो आणि माग काढणाऱ्या ठिकाणांकडे जायचे नाकारतो. पीठ खाली येते, कोंडा वर राहतो.

‘प्रिव्हॉक्सी’ हे असे एक मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वीसहून अधिक वर्षे चालू आहे. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप त्याला पुरतो. वाशीसारख्या ठिकाणी तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपच बरा, कारण वीज गेली तरी बॅटरीवर काही वेळ चालतो. त्यावर उबंटू किंवा डेबियन टाका, त्याच्याच भांडारातून प्रिव्हॉक्सी घ्या. सुरुवातीला ते फक्त त्याच मशीनचे ऐकते. सेटिंगच्या फाइलमध्ये ऐकण्याचा पत्ता बदलून घरच्या वायफायवरचा त्या लॅपटॉपचा पत्ता लिहा, आणि राउटरमध्ये तो पत्ता कायम करून ठेवा. मग प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी ‘मॅन्युअल’ करून तोच पत्ता आणि ८११८ हा पोर्ट भरा. एक काळजी मात्र घ्या: राउटरमधून हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका. नाहीतर जगातला कोणीही तुमच्या नावावर फिरेल.

‘पाय-होल’ हा दुसरा मार्ग. तो पाने आणत नाही, फक्त पत्ते विचारण्याच्या पायरीवरच माग काढणाऱ्यांची नावे अडवतो. प्रॉक्सीची सेटिंग न मानणारी ॲप्सही त्यात बऱ्यापैकी सापडतात. आणि ज्यांच्याकडे वायफायच नाही, सगळे घर मोबाइल डेटावर चालते, त्यांच्यासाठी अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या एखाद्या सेवेचे नाव टाकता येते. पण मग आपण उघडलेल्या संकेतस्थळांची नावे त्या सेवेला दिसतात, हे लक्षात ठेवूनच ती निवडा.

या चाळणीची मर्यादाही सांगतो, कारण अर्धवट माहिती देऊन धीर देणे ही फसवणूकच आहे. तुम्ही स्वतःच्या खात्याने लॉग-इन केले की ती कंपनी तुम्हाला ओळखणारच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून ही चाळणी तुम्हाला लपवत नाही. ॲपला ठिकाणाची परवानगी दिली असेल तर ती आधी काढावी लागेल. किब्ला शोधून झाल्यावर त्या ॲपला तुमचे ठिकाण दिवसभर कशाला हवे? चाळणीने कोंडा कमी होतो, सगळा जात नाही.

इथपर्यंत सगळे तंत्राचे झाले. मला खरे बोलायचे आहे ते यापुढचे.

घराची सगळी रहदारी एका मशीनमधून जाऊ लागली की त्या मशीनसमोर बसणारा माणूस कंपनीच्या जागी येतो. आपल्या घरांत तो माणूस बहुतेक वेळा मुलगाच असतो: पुण्यात शिकलेला, संगणकाचे कळणारा. अब्बांना त्यातले कळत नाही, अम्मीला कोणी विचारत नाही, आणि बहिणीच्या फोनमध्ये सेटिंग भाईच भरून देतो. त्या क्षणी त्याच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, काय अडवायचे. दुसरी, कोणी काय पाहिले. पहिलीला चाळणी म्हणतात. दुसरी पाळत आहे.

हा फरक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. प्रिव्हॉक्सी आपण होऊन प्रत्येक मागणीची नोंद ठेवत नाही. ती ठेवायची असेल तर फाइलमधली एक ओळ मुद्दाम चालू करावी लागते. पाय-होल उलट सुरुवातीपासून नोंदी ठेवतो, पण त्यात खाजगीपणाच्या पातळ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पातळीवर कोणी काय विचारले हे उरत नाही. म्हणजे बहिणीने काय पाहिले हे आपल्याला ‘आपोआप दिसले’ असे सांगायला जागा नाही. ती ओळ कोणीतरी चालू केलेली असते किंवा ती पातळी कोणीतरी बदललेली नसते.

याहून पुढची पायरी अधिक गंभीर आहे. आज बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद असतात, त्यामुळे प्रॉक्सीला संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. प्रिव्हॉक्सीच्या नव्या आवृत्त्यांत हे कुलूप उघडण्याची सोय आहे. त्यासाठी प्रत्येक फोनमध्ये एक प्रमाणपत्र बसवावे लागते. ते बसले की ब्राउझरमध्ये वाचलेले पान आणि टाकलेला पासवर्ड मधल्या मशीनला वाचता येतो. स्वतःच्या मशीनवर शिकण्यासाठी हे करून बघा. दुसऱ्याच्या फोनवर करू नका. आणि ताई, कोणी तुझ्या फोनमध्ये ‘सुरक्षेसाठी’ प्रमाणपत्र बसवायला आला, तर तो सख्खा भाऊ असला तरी आधी विचार: याने तुला काय दिसेल?

डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती घेणारी समिती नेमली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी विचारले होते की सज्ञान माणसांच्या निवडीत सरकार का डोकावते. प्रश्न बरोबर होता. पण तोच प्रश्न घराच्या उंबऱ्याशी थांबवता येत नाही. बावीस वर्षांची मुलगी कोणत्या कोर्सचे पान उघडते, कोणत्या आजाराची माहिती वाचते, निकाहनाम्यातल्या अटींबद्दल काय शोधते, हे रात्री बसून वाचणारा भाऊ त्या समितीपेक्षा वेगळे काय करतो?

केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने हा प्रश्न न्यायालयात नेला. तिच्या कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मुलींनी फोन जमा करायचा असा नियम होता. अभ्यास व्हावा हे कारण. तिने नकार दिला, तिला वसतिगृह सोडावे लागले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. घरात मात्र असा निकाल मागायला कोणी जात नाही. २०२३ चा कायदाही कोणी स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. तिथे उरते ती आपली नियत. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या ही सूरह नूरची शिकवण आणि लोकांच्या गोष्टी हुडकत फिरू नका ही सूरह हुजुरातची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. बहिणीचा फोन हेही तिचे घरच आहे.

‘मग मुलांनी वाटेल ते पाहायचे का?’ हा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. लहान मुलांसाठी काही संकेतस्थळे अडवणे हा आईवडिलांचा अधिकार आहे. घरातल्या सगळ्यांनी बसून घाणेरड्या आणि फसव्या संकेतस्थळांची यादी अडवायचे ठरवले तर तेही उत्तम. मात्र ती यादी सगळ्यांना दिसावी आणि सगळ्यांना सारखीच लागू व्हावी, भावाच्या फोनलाही. उघडपणे अडवणे आणि चोरून वाचणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तालुक्याच्या गावांत आता अभ्यासिका निघत आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुले-मुली एकाच वायफायवर दिवसभर बसतात. अशा ठिकाणी चाळणी लावणे हे मोठे काम आहे, पण चार गोष्टी भिंतीवर लिहून लावाव्यात: काय अडवले जाते, नोंदी ठेवल्या जात नाहीत, कोणाच्याही फोनमध्ये प्रमाणपत्र बसवले जात नाही, आणि ही व्यवस्था कोण सांभाळते. सांभाळणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी असावी. दुसऱ्याची रहदारी आपल्या मशीनमधून जाते ती अमानत म्हणून जाते.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा जुना लॅपटॉप काढा, चाळणी लावा, एक संध्याकाळ त्यावर घालवा. लावून झाली की तिचा पासवर्ड बहिणीला द्या, आणि यादी कशी बदलायची, नोंदी बंद आहेत हे कुठे तपासायचे, तेही तिला दाखवा. तुम्ही पुण्याला परत गेल्यावर ती चाळणी चालवायला घरात कोणीतरी लागणारच आहे.