सूर्यास्तापूर्वीचे सांबार

डिसेंबरात महाड-पोलादपूरकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बाजारात गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी वाढू लागते. कशेडी घाटाच्या पायथ्याशी दुकान असलेल्या कुटुंबात चौविहार मोडतो तो बहुधा श्रद्धा उणी पडल्यामुळे नव्हे. स्वयंपाक वेळेत होत नाही, हेच त्याचे साधे कारण असते. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, भोजन आटोपणाऱ्या ज्येष्ठांना तर पाच वाजताच ताट हवे. अशा घरी डाळ आणि भाजी एकत्र देणारे सांबार फार उपयोगी पडते. भात त्याच कुकरमध्ये वरच्या भांड्यात शिजतो.

‘कांद्यावाचून सांबार कसले?’ असा प्रश्न सुना-लेकी विचारतात. तो अज्ञानातून येतो. उडुपीच्या मठांतील परंपरागत स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो आणि तेथील सांबाराची चव कोणी उणी मानलेली नाही. सांबाराचा कणा तूरडाळ, आंबटपणा, भाजलेले धने-मेथी आणि हिंग हा आहे. कांदा त्यातील एक भाजी, एवढेच. गाजर व बटाटा वर्ज्य, वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य. तरीही शेवगा, लाल भोपळा, दुधी, पडवळ, भेंडी एवढ्या भाज्या उरतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्यांनी, घरच्या आचारात बसत असल्यास, मुगाचे सांडगे घालावेत.

तंजावरला मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते. तेथील शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबारात आमटीसाठी आमसूल संपले, म्हणून चिंच घालण्यात आली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांवरून त्या पदार्थाला सांबार हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून तिचा दाखला देऊ नये. परंतु कशेडीच्या परिसरात आमसूल घरोघरी असते, तेव्हा चिंचेऐवजी पाच-सहा आमसुले घालण्यास कोणाची हरकत नसावी. रंग थोडा गडद येतो, चव उतरत नाही.

आता कुकरविषयी. शिटीच्या वजनामुळे आत वाफ कोंडते आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते; डाळ लवकर शिजते ती त्यामुळे. एक वाटी तूरडाळ दुपारीच निवडून, धुऊन, गाळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवावी. मग तीन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालावे. डाळीला फेस येतो व तो शिटीच्या नळीत अडकू शकतो. तेलाने फेस बसतो. याच कारणाने डाळ शिजवताना कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. तीन शिट्यांनंतर पाच मिनिटे मंद आंच पुरे. आंबट पदार्थ कुकरमध्ये कदापि घालू नये. आंबटाने डाळ टणक राहते आणि मग दोष बिचाऱ्या कुकरला दिला जातो.

भाजीही कुकरमध्ये टाकण्याचा मोह होतो. भोपळ्याचा लगदा होतो, शेवग्याच्या शेंगा फुटून चोथा उरतो. कुकरची वाफ आपोआप उतरेपर्यंत दहा-बारा मिनिटे जातातच. तेवढ्यात शेजारच्या पातेल्यात शेंगा, नंतर भोपळा, मीठ व आमसुलाचे पाणी घालून भाजी शिजवावी. दोन चमचे धने, एक चमचा चणाडाळ, पाव चमचा मेथी व चार सुक्या मिरच्या भाजून दोन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर वाटाव्यात. हे वाटण आणि घोटलेली डाळ भाजीत घालून एक उकळी आणावी. वरून मोहरी, कढीपत्ता आणि सढळ हाताने हिंग यांची फोडणी. हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे पथ्य पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. चार वाजता सुरुवात केली, तर पाचच्या आत दुकानाकडे डबा निघतो.

डाळीविषयी थोडे अधिक. घाटाखालच्या पावसाळी दमट हवेत डाळीला कीड फार लवकर लागते. कीड लागलेली डाळ कडक उन्हात पसरणे हा उपाय नव्हे. तेथे हिंसा होतेच. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच डाळ घरात आणावी. घाऊक भावाच्या मोहाने पोते माजघरात नेणाऱ्या व्यापारी घरांना हे पटायला वेळ लागतो! शिवाय जुनी डाळ कितीही शिट्या दिल्या तरी नीट शिजत नाही.

इडलीबरोबर सांबार खाण्याची आवड आता सर्वत्र आहे. रात्रभर आंबवलेले पीठ आचारात बसत नाही, असे मानणाऱ्या घरी भातच योग्य. सांबार-भातावर ताक-भात घेण्याची दाक्षिणात्य पद्धत मात्र जशीच्या तशी उचलू नये. कच्चे ताक व डाळ एकत्र आले की द्विदल दोष लागतो. ताक घ्यायचेच, तर ताट बदलून, चूळ भरून घ्यावे. डब्यात तर ते मुळीच पाठवू नये, कारण दुकानात ताट बदलण्याची सोय नसते.